सेलवुडला फ्री किक ढापणारा म्हणू नका

आज जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने जोएल सेलवुडची नक्कल केली. गुडघे वाकवले, खांदा उचलला, मान मागे टाकली आणि अंपायरकडे बघत हात पसरले. सगळे हसले. मला घास जाईना. घरी येऊनही राग जात नाहीये, म्हणून लिहितेय.

मेलबर्नबाहेरच्या मित्रमंडळींसाठी सांगते. सेलवुड म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या लीगमधल्या (AFL) जिलाँग संघाचा कॅप्टन, 2012 ते 2022. कॅप्टन म्हणून 245 सामने! कार्लटनच्या स्टीफन कर्नाहनचे 226 होते, त्याच्याही पुढे गेला हा. एकूण 355 सामने, चार प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं. त्यातली पहिली 2007 मध्ये, पदार्पणाच्याच वर्षी. आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर समोरच्याची पकड मुद्दाम मानेवर ओढवून घेऊन म्हणे ढापलेल्या फ्री किक!

काही वर्षांपूर्वी आई साताऱ्याहून आली होती. टीव्हीवर मॅच चालू होती. सेलवुडच्या कपाळातून रक्त आलं, नियमाप्रमाणे त्याला बाहेर नेलं आणि थोड्या वेळाने डोक्याला पट्टी गुंडाळून तो परत आत. आई ताडकन उठून बसली. "अगं, या पोराला आई नाही का? परत कसं पाठवलं?" तेव्हापासून आमच्या घरी तो 'पट्टीवाला'.

बरं, मान्य. हात वर करून टॅकल (समोरच्याची पकड) खांद्याच्या वर सरकवायची कला त्याला येत होती. 2022 च्या जुलैत लीगने अंपायरांना बजावलं, की खेळाडूने स्वतः ओढवून घेतलेल्या हाय कॉन्टॅक्टला, म्हणजे खांद्याच्या वरच्या पकडीला, फ्री किक द्यायची नाही. ठीक आहे. त्यानंतर दोनच महिन्यांनी पठ्ठ्याने कप उचलला!

आणि मुळात खांद्याच्या वर धरलं की फ्री किक, हा नियम आहे कशासाठी? डोकं सांभाळायलाच ना? बॉलसाठी झोंबणाऱ्या घोळक्यात सगळ्यांच्या आधी डोकं घालणारा हा, फुटणारं कपाळ याचं, आणि ढोंगीही हाच? आईला जे एका मॅचमध्ये दिसलं ते तुम्हाला इतक्या वर्षांत दिसू नये?

24 सप्टेंबर 2022. एमसीजीवर लाखभर माणसं, समोर सिडनी. आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच, लीगची फायनल, सुरू व्हायची होती आणि हा माणूस टीमचा कागदी बॅनर फाडून मैदानात धावत आला तो गॅरी अ‍ॅब्लेट ज्युनियरच्या आजारी लेकाला कडेवर घेऊन. जुन्या साथीदाराचं पोर! मी रडले, लपवत नाही. जिलाँग 133, सिडनी 52. शेवटच्या क्वार्टरमध्ये सेलवुडने गोल मारला तेव्हा अख्खी टीम त्याच्या अंगावर धावली. चार दिवसांनी त्याने निवृत्ती जाहीर केली. आईला फोन केला तर म्हणाली, "बरं झालं बाई. आता डोकं तरी शाबूत राहील."

खरं सांगायचं तर आता मला त्या पट्टीचं कौतुक करतानाही जरा कसंतरी होतं. डोक्याच्या माराबद्दल आज जे कळतंय, ते बघता आईचा प्रश्न चुकीचा नव्हताच. पण म्हणून ज्याने तो मार खाल्ला, त्याचीच टिंगल?

उद्या मी त्या सहकाऱ्याच्या टेबलावर बसणार नाहीये.