नजरचुकीने उगवलेलं शेत

तुमच्या नावावर शेत आहे, आणि तेही गोव्यात, हे ऐकून वाईट वाटलं. असू दे, घरोघरी असतं. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या सातबाराच्या, उताऱ्यावर आजोबांचं नाव, त्याखाली बारा वारसदार, त्यातले चार मुंबईला आणि एक ऑस्ट्रेलियात. वर्षभर चिखल नाहीतर तडे, आणि हातात येतात चार पोती उकडे तांदूळ. त्या चार पोत्यांसाठी जमीन अडवून बसलात तर लोक तुम्हाला शहाणं म्हणणार नाहीत. तेव्हा शेत घालवायचं कसं, ते नीट समजून घ्या.

आधी मनातली टोचणी काढून टाका. शेत ही एक चूक आहे आणि ती तुमची नाही. हे मी म्हणत नाही, कायदा म्हणतो. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात २०२३ साली कलम १७(२) आलं. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये एखादी जमीन नजरचुकीने भलत्याच झोनमध्ये गेली असेल, तर ती चूक दुरुस्त करून मिळेल, असा त्याचा मथितार्थ. आता ‘माझी जमीन चुकून वसाहतीत दाखवलीय, ते शेत आहे हो’ म्हणत अर्ज घेऊन धावलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं त्या चुकीत गुडघाभर उभी राहून लावणी करत होती, कुणाच्या ध्यानात आलं नाही, एवढंच.

मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले. खचून जाऊ नका. २०२४ मध्ये त्याच कायद्यात झोन बदलू देणारं कलम ३९-अ येऊन बसलंच होतं. गोवा हा कलमांचा प्रदेश आहे. एक कलम जळलं तर दुसरं लावतात, आणि त्याला फळ धरायला मानकुराद आंब्याइतकी वर्षं लागत नाहीत.

क्रम मात्र चुकवू नका. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकू नये, असा कायदाही आपल्याकडे २०२३ सालीच झाला. एकाच वर्षी कुलूपही आणि किल्लीही, असं सरकार भाग्याने मिळतं. म्हणून आधी झोन बदला, मग सौदा करा. झोन बदलला की ते शेतच उरत नाही, मग शेत विकल्याचं पाप कुठलं?

आणि शेत खाजनातलं असेल, तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. तुम्हाला काही म्हणजे काहीच करावं लागत नाही.

खाजन म्हणजे खाडीच्या पाण्याकडून हिसकावून घेतलेली जमीन. गोव्यात सुमारे अठरा हजार हेक्टर. चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाचा बांध, बांधात मानस, म्हणजे पाण्याची वाट, मानशीला लाकडी दारं. भरती चढली की बाहेरचं खारं पाणीच दारं दाबून मिटवतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, पंप नाही, टेंडर नाही. असल्या व्यवस्थेत कुणाचं कल्याण होणार? पावसाळ्यात तिथे कोरगुट भात पिकायचं, जे थोड्याफार खारटपणाला दाद देत नाही. पोयीत, म्हणजे मानशीलगतच्या तळ्यात, शेवटे आणि काळुंदरं ही मासळी, आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी. मानशीच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची, गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेच्या, हाती पैसा यायचा, आणि गावकारीच बांधाकडे लक्ष ठेवायची.

लहानपणी काका मला रात्री मानशीवर घेऊन जायचे. कंदील खाली ठेवून ते दाराला हात लावून उभे राहायचे, वैद्य नाडी बघतो तसे. पाणी फिरलं की दार आधी कुरकुरायचं, मग हळूच उघडायचं आणि पाण्याचा लोट जाळ्यात उतरायचा. कंदिलाच्या उजेडात सुंगटांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकायचे. ‘हात घालू नकोस, कुर्ली असेल,’ काका म्हणायचे. मी घातला. होती.

तर हे सगळं मोडायला काय लागतं? एक सैल फळी. पावणी घेणाऱ्याला म्हणावं, दार भरतीलाही उघडं राहू दे रे थोडे दिवस. त्याला सुंगटं जास्त मिळतात, तुमच्या वाफ्यात खारं पाणी जास्त येतं, दोघंही खूश. पुढच्या पावसाळ्यात रोपं पिवळी पडतात. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी लावणीच करत नाही. बांधाला भगदाड पडलं की ते कुणी बुजवायचं, यावर ग्रामसभेत बोला, भरपूर बोला. १९६४ चा कूळ कायदा जमीन कसणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला, ते योग्यच झालं. पण बांध नेमका कुणाचा, हे कूळ, भाटकार (जमीनमालक) आणि गावकारी यांच्यात असं लोंबकळत राहिलं की त्याचा फायदा आजही घेता येतो. दहा-पंधरा वर्षांनी छाती पुढे काढून सांगा, ‘इथे काही पिकतच नाही हो.’ खोटं थोडंच आहे ते?

एक सावधगिरी बाळगा. भगदाडातून खारफुटीच्या बिया आत येतात, रुजतात आणि बघता बघता जंगल उभं राहतं. खारफुटी तोडायला सक्त मनाई आहे. भाताला असलं संरक्षण नसल्यामुळे तुमचं काम सोपं होतं, पण वेळेत उरकायला हवं. खाजनात बांधकाम करू नये, असं २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेतही लिहिलं आहे. वाचून घ्या. वाचलेलं कधी वाया जात नाही.

मग भराव. वरच्या डोंगराची लाल माती आणायची. एकाच टिपरच्या खेपेत डोंगरही जातो आणि शेतही, डिझेलची केवढी बचत! आमच्या शेजाऱ्याने भराव घातला, त्या जुलैत पाणी काकीच्या स्वयंपाकघरात आलं. काकी शेगडीवर पाय घेऊन बसली होती. एप्रिलात तिच्याच विहिरीने तळ दाखवला. पावसाचं पाणी धरून ठेवणं आणि पुढे विहिरीला देणं, या कामाला विद्वान लोक ‘परिसंस्था सेवा’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००५ मध्ये अशा चोवीस सेवांची जगभर पाहणी झाली, त्यातल्या पंधरा ढासळत असल्याचं निघालं. फुकट राबणाऱ्याची गत आणखी काय होणार? शेताने कधी बिल पाठवलं नाही, हीच त्याची चूक. टँकरवाला पाठवतो, आणि त्याला सगळे ‘साहेब’ म्हणतात.

राहता राहिलं जेवण. त्याची काळजी बेळगावला. चोर्ला घाटातून पहाटे भाजी उतरते, फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर सवलतीत मिळते. घाटात दरड आली की आपण दोन दिवस उसळ खातो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत सुरुवातीचे काही दिवस किराणा दुकानंसुद्धा बंद होती, तेव्हा वाड्यावर जो तो अचानक एकमेकांना विचारू लागला, ‘तुझ्याकडे भात आहे का रे अजून?’ त्या पावसाळ्यात दोघांनी पडीक वाफे नांगरले, फोटोही काढले. पुढच्या वर्षी घाट उघडा होता आणि वाफ्यात पुन्हा गवत.

व्हिला उभा राहिला की जाहिरातीत ‘पॅडी व्ह्यू’ लिहायला विसरू नका, भाव चढतो. तो व्ह्यू शेजाऱ्याच्या शेताचा असतो, म्हणून शेजाऱ्याला मात्र शेती टिकवण्याचं महत्त्व पटवून द्या. गावपणावर दोन शब्द बोला.

मानशीची जुनी दारं जाळू नका, त्यांना गिऱ्हाईक आहे. आमच्या मानशीचं एक दार अशाच एका व्हिलात गेलं. खाली लोखंडी पाय, वर काच, झालं टीपॉय. मालक दिल्लीचे, माणूस अगत्याचा, परवा मला चहाला बोलावलं. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता. काचेखाली लाकूड ओलं झालं होतं, कडेच्या फटीतून पाणी पाझरून फरशीवर पांढरट डाग पडले होते. दोनदा पॉलिश करून झालं म्हणाले, दर पावसाळ्यात हेच. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट होतं.

‘काही औषध आहे का याच्यावर?’ त्यांनी विचारलं. तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा, त्यांचा नंबर देतो.