मकाऊची दफनभूमी आणि आपला वाहनतळ

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरेच दिवस एकच विषय पेटला आहे. तालुक्याच्या गावाबाहेर, जिथे कंपनी सरकारच्या काळात पलटण होती, तिथे इंग्रजांची एक जुनी दफनभूमी आहे. निम्मे दगड आडवे पडलेत, उरलेल्यांवर रान माजलंय. ती सपाट करून वाहनतळ करावा, असं बहुतेकांचं म्हणणं. ‘ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांची थडगी आपण का सांभाळायची?’ या वाक्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी विरोधात चार ओळी लिहिल्या, तर उत्तर आलं, तू मकाऊत बसून आम्हाला शिकवू नकोस.

मी मकाऊतूनच बोलणार, कारण हा प्रश्न चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या, १९९९पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या या शहराने माझ्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर सोडवून ठेवला आहे.

कामोएंस चौकात, कासा गार्डन या जुन्या वाड्याला लागून, जुनी प्रोटेस्टंट दफनभूमी आहे. १८२१पर्यंत या बंदरात प्रोटेस्टंट माणसाच्या प्रेताला हक्काची जागा नव्हती. पोर्तुगीज कॅथलिक, त्यांच्या लेखी हे पाखंडी, त्यामुळे तटाच्या आत पुरायची मनाई. तटाबाहेरच्या टेकड्यांवर पुरावं तर ती जमीन चिन्यांची, आणि त्यांनाही ते नको असे. कँटनमधला (आजचं ग्वांगझू) व्यापाराचा हंगाम संपला की परदेशी व्यापाऱ्यांना तिथून निघावं लागे आणि त्यांच्या बायकांना तर तिथे पाऊल टाकायचीही परवानगी नव्हती. म्हणून ही कुटुंबं मकाऊत राहत, आणि जिथे राहत तिथे मरतही. रॉबर्ट मॉरिसन हे मिशनरी १८०७ साली चीनमध्ये आले. कंपनीची दुभाषेगिरी करत त्यांनी चिनी-इंग्रजी शब्दकोश रचला, बायबल चिनीत नेलं. त्यांची पत्नी मेरी १८२१च्या जूनमध्ये पटकीने गेली. आधी गेलेलं तान्हं बाळ टेकडीवर पुरलं होतं, त्याच्या शेजारी तिला ठेवायचं होतं. तिथे नकार मिळाला. तेव्हा कुठे ईस्ट इंडिया कंपनीने जमीन विकत घेतली. आधी बाहेर पुरलेल्या काहींनाही मागाहून इथे आणलं, म्हणून काही दगडांवरचं साल दफनभूमीपेक्षा जुनं आहे. मॉरिसन १८३४ साली कँटनमध्ये वारले, त्यांनाही इथेच आणून पुरलं.

ग्रुपवर कोणी म्हणेल, मिशनऱ्याचं सोड, लुटारूंचं काय? तेही इथेच आहेत. अफूच्या धंद्यात हात असलेली माणसं आहेत. ‘ड्रूइड’ या युद्धनौकेचे कप्तान लॉर्ड हेन्री जॉन स्पेन्सर चर्चिल आहेत, विन्स्टन चर्चिल यांच्या पणजोबांचे भाऊ. ते वारले १८४० साली, म्हणजे अफूसाठी चीनवर लादलेलं युद्ध सुरू झालं त्याच वर्षी. चीनच्या इतिहासातली ती सगळ्यात खोल जखम. अफू बंद करायला निघालेले चिनी अधिकारी लिन झशू १८३९मध्ये स्वतः मकाऊत येऊन गेले होते, आणि लिन फोंग मंदिराशी आज त्यांचं स्मारक-संग्रहालय आहे. एकाच लहानशा शहरात लिन यांचं स्मारक आहे आणि त्यांच्या शत्रूंच्या कबरीही. १९९९ साली मकाऊ चीनकडे परत गेलं तेव्हा कोणी या कबरींवर वाहनतळ बांधला नाही. उलट २००५पासून ही जागा शहराच्या जागतिक वारशाचा भाग आहे.

आणि ती अफू आली कुठून? माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातून निघत असे. तिच्यामागे मुंबईचे व्यापारीही होते, त्यांत पारशी बरेच. गिया टेकडीच्या उतारावर त्यांची वेगळी दफनभूमी आहे, १८२९पासूनची. दख्मा, म्हणजे प्रेतं ठेवायचा पारशांचा मनोरा, नसलेल्या गावात पारशांनाही मातीतच जावं लागलं. चिनी माणसाने ‘लुटणाऱ्यांची थडगी काढा’ म्हटलं असतं तर मुंबईच्या माणसांची थडगीही गेली असती. आमच्या ग्रुपवर हे कोणाला ऐकायचं नाही.

पुतळ्यांचं म्हणाल तर मकाऊने ते काढले आहेत. पोर्तुगीज कर्नल मेस्किता यांचा पुतळा १९६६च्या दंगलीत लोकांनी पाडला. पोर्तुगीज गव्हर्नर आमारालचा घोड्यावरचा पुतळा १९९२ साली उतरवून लिस्बनला पाठवला. मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. पुतळा राज्यकर्ते उभारतात, जिंकल्याचं सांगायला. कबर घरचे बांधतात. आमच्या गावच्या त्या दगडांतही तान्ह्या मुलांचे दगड आहेत, मी लहानपणी त्यांवरची वयं बोट फिरवून वाचलेली आहेत. दोन पावसाळेही न बघितलेल्या मुलाने आपलं काय लुटलं होतं?

खरं तर माझा राग इंग्रजांच्या थडग्यांपुरता नाही. आपल्याकडे कितीतरी गावांत अजून जातीजातीची स्मशानं वेगळी आहेत, आणि दलितांची प्रेतयात्रा अडवल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. मेरी मॉरिसनला दोनशे वर्षांपूर्वी जे सांगितलं गेलं ते आपण आपल्याच माणसांना आज सांगतो. ग्रुपवर यावर चर्चा होत नाही. एकदा मी विषय काढला तर शुभ सकाळचे फोटो आले.

या शहराची मी इतकी बाजू घेते, पण मी इथली नाही. मकाऊच्या कोताई भागातल्या एका हॉटेलात हिशेब बघते. माझ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे बाहेरून आलेल्या कामगाराचं ओळखपत्र, आहे. ब्लू कार्डावर कितीही वर्षं राबलं तरी इथलं रहिवासीपण मिळत नाही, नोकरी सुटली की गाव सोडायचं. जॉर्ज चिनरी हा चित्रकार कर्ज बुडवून कलकत्त्याहून १८२५ साली इथे आला, १८५२ साली इथेच मेला, आणि त्याला त्या प्रोटेस्टंट दफनभूमीच्या भिंतीआड जागा मिळाली. त्याचा मला हेवा वाटतो. मकाऊत दहनाची सोयच नाही, त्यासाठी सीमेपलीकडे चीनमधल्या झुहाई शहराला न्यावं लागतं. २०१९मध्ये मकाऊच्याच ताइपा भागात दहनगृह करायचं ठरत होतं, तर आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला आणि बेत बारगळला. म्हणजे मेलेले शेजारी नको असणारी माणसं इथेही आहेत, आणि त्यांच्यावरही मला तितकाच राग आला होता.

आई फोनवर विचारते, कायमची कधी येणार? मी म्हणते, गणपतीला येते. पहिल्या पावसाच्या वासासाठी अजूनही जीव तुटतो, पण ग्रुप उघडला की परत जाऊन या माणसांत राहायचं या विचाराने धास्तावते. नवऱ्याने एकदा सरळ विचारलं, इथे काही झालं तर तुला गावी न्यायचं की झुहाईला? अजून मी त्याला उत्तर दिलेलं नाही.