यंदाचं वर्ष महत्त्वाचं

महाराष्ट्र दिन म्हटलं की लोकांना हुतात्मा चौक आठवतो, मला प्रगतीपुस्तक आठवतं. आमच्याकडे प्राथमिक शाळेचा निकाल १ मेलाच लागायचा. १९६० साली याच दिवशी राज्य मिळालं, एवढा आनंदाचा दिवस, मग त्यात आमचे गणिताचे मार्क कशाला घुसवायचे, हे मला अजून कळलेलं नाही. झेंडावंदन व्हायचं, राज्याच्या प्रगतीवर पाहुण्यांचं भाषण व्हायचं आणि लगेच वर्गात जाऊन आपापली प्रगती हातात घ्यायची. आई आधी मार्क बघायचीच नाही. थेट खालचा शेरा वाचायची. तिथे बाईंच्या गोल अक्षरात ‘वरच्या वर्गात घातले’ असं दिसलं, की तिचा श्वास सुटायचा.

वरच्या वर्गात घातलं, की घरात पहिलं वाक्य ठरलेलं, “आता मजा पुरे हं. यंदाचं वर्ष महत्त्वाचं.” ही मजा नेमकी कुठल्या वर्षी झाली होती, ते मला कधी आठवायचं नाही.

चौथी महत्त्वाची, कारण स्कॉलरशिप. पाचवी महत्त्वाची, कारण इंग्रजी सुरू. सातवी महत्त्वाची, कारण परत स्कॉलरशिप. आठवी हा नववीचा पाया, नववी हा दहावीचा पाया. सहावीबद्दल कोणी काही बोलेना म्हणून मी जरा खुशीत होतो, तर शेजारच्या काकूंनी गच्चीवर पापड वाळत घालता घालता सांगितलं, “सहावीतच मुलं घसरतात बरं का.”

निकालाच्या संध्याकाळी जुन्या पुस्तकांचा बाजार भरायचा. वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत पुस्तकं घ्यायची, खाकी कव्हरं घालायची आणि आपली खालच्याला विकायची. मला ती सोय नव्हती, कारण ताई दोन वर्षं पुढे होती आणि तिचीच पुस्तकं मला यायची. ताईला महत्त्वाच्या ओळी पेन्सिलने अधोरेखित करायची शिस्त होती आणि तिला सगळंच महत्त्वाचं वाटायचं. त्यामुळे मला मिळायचं ते पहिल्या पानापासून शेवटापर्यंत रेघा मारलेलं पुस्तक. बिनरेघेचा एखादा धडा सापडायचा, तो तिच्या वर्षी परीक्षेला नसायचा आणि माझ्या वर्षी हमखास असायचा. पुढे एकदा अभ्यासक्रम बदलला, ताईची सगळी पुस्तकं बाद झाली आणि मला पहिल्यांदा कोरी करकरीत पुस्तकं मिळाली. बाबांनी मात्र सरकारला दोन दिवस शिव्या घातल्या.

प्राथमिक शाळेत सगळं टप्प्याटप्प्याने वाढतं. तिसरीत भूगोल आपल्या जिल्ह्याचा, चौथीत महाराष्ट्राचा, पुढे देशाचा, मग जगाचा. माझ्या डोक्यातली जागा मात्र तालुक्याएवढीच राहिली. स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीत रांगेतला रमेश डावीकडून नववा आणि उजवीकडून बारावा असायचा आणि रांगेत एकूण मुलं किती, ते आम्ही सांगायचं. मला वाटायचं, एवढं दोन्हीकडून मोजत बसलेल्या रमेशलाच विचारा की! इतिहास मात्र चौथीत शिवाजी महाराजांचा. सांगावं न लागता वाचलेलं पाठ्यपुस्तक ते एकच. अंगात वीरश्री संचारून आम्ही हायस्कुलात गेलो, तर तिथे इतिहास उलटा फिरून हडप्पाला जाऊन बसला.

खरा धक्का पाचवीचा. चौथीत आपण शाळेतले सगळ्यात मोठे असतो. पाण्याच्या टाकीवर पहिला नंबर आपला आणि पहिलीच्या पोरांना रांगेत उभं करायचा अधिकारही आपला. उन्हाळ्याची सुट्टी संपते आणि हायस्कूलच्या फाटकातून आत पाऊल टाकताच आपण सगळ्यात लहान झालेले असतो. दहावीची मिशा फुटलेली मुलं ‘ए पिंट्या’ म्हणून हाक मारतात आणि नाव पिंट्या नसूनही आपण ओ देतो. बाईंच्या मॅडम होतात. दर तासाला नवे सर येतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपण फक्त त्यांचाच गृहपाठ घरी नेणार. शिसपेन्सिल सुटून हातात शाईचं पेन येतं आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात खिशाखाली निळा डाग पडतो. तो कपडे धुण्याच्या कुठल्याही पावडरला दाद देत नाही आणि दिवाळीपर्यंत आपली साथ करतो.

वर दोन भाषा एकदम. हिंदीचं एक वेळ ठीक, मराठीला शेवटी ‘है’ लावलं की काम भागतं, असा वर्गाचा ठाम समज होता. ‘मेरी शाळा लई छान है’ या निबंधाला मला दहापैकी दोन मिळाले, ते बहुधा ‘है’चे. इंग्रजीला तोही उपाय नव्हता. चार रेघी वहीत कुठलं अक्षर छपराला टेकतं आणि कुठलं तळघरात उतरतं, हे कळेपर्यंत दिवाळी आली. २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासूनच आलं. आजच्या मुलांचं कौतुक वाटतं. आम्ही निदान दहा वर्षांचे होईपर्यंत सुखात होतो.

आठवीत फुलपँट मिळाली आणि गणितात अक्षरं घुसली. सर फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, “समजा क्ष.” आम्ही समजायचो. पुढे तासभर त्या क्षची किंमत शोधायची, आणि ती सापडली की पुढच्या गणितात तोच क्ष परत बेपत्ता.

पण आठवीची खरी भानगड तुकडी. सातवीच्या मार्कांवरून अख्खी बॅच चाळून परत भरायचे. अ तुकडीला संस्कृत, सेमी इंग्रजी आणि खिडकीबाहेर गुलमोहर. ड तुकडीला हिंदी, खेळाच्या सामानाची खोली आणि खिडकीबाहेर मुतारी. मी ड मध्ये गेलो. माझा बाकावरचा जोडीदार अ मध्ये गेला आणि त्याच्या आईने माझ्या आईला बाजारात ओळख दाखवणं जरा कमी केलं. तेच गणिताचे सर अ तुकडीत “बाळांनो” म्हणत शिरायचे आणि आमच्याकडे डस्टर आपटत. “तुमचा आवाज ऑफिसपर्यंत येतो. नोकरीत इतका वाईट वर्ग पाहिला नाही. मागची बॅच काय सोन्यासारखी होती!” मागच्या बॅचमधल्या एकाने शपथेवर सांगितलं, की त्यांनाही अगदी हेच ऐकवलं जायचं.

नववी मला आठवतच नाही, कारण वर्षभर सगळे दहावीबद्दल बोलत होते. फक्त एक धास्ती होती. ज्यांच्यामुळे शाळेचा दहावीचा निकाल घसरेल असं वाटायचं, त्यांना नववीतच थांबवायचे किंवा हळूच सतरा नंबरचा फॉर्म भरायचा सल्ला द्यायचे. फॉर्म बाहेरून बसणाऱ्यांचा, पण आमच्या ड तुकडीत तो शिवीसारखा वापरायचे.

आणि दहावी? तिच्यावर इतकं बोललं गेलंय की मी जास्त लिहीत नाही. केबल काढली गेली, मावशी-आत्यांनी आळीपाळीने फोन केले, अपेक्षित प्रश्नांचे संच उशाशी आले. बाबा जुन्या अकरावीचे मॅट्रिक. राज्यात दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा १९७५ साली झाली, त्याआधी अकरावी द्यावी लागायची. त्यामुळे “आमची अकरावी होती, तुमची नुसती दहावी” हे त्यांना वजाबाकी करून सिद्ध करता यायचं. पेपर सुटल्यावर मात्र तेच शाळेच्या फाटकाबाहेर उसाचा रस घेऊन उभे असायचे, आणि मी रस संपवेपर्यंत काही विचारायचे नाहीत.

मध्यंतरी शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणंच बंद झालं. माझ्या भाच्याला नापास म्हणजे काय ते मला उदाहरण देऊन समजवावं लागलं, आणि त्याच्या आईच्या मते मी फारच सहज दिलं. आता राज्यात पाचवी-आठवीला परत परीक्षा आली आहे, तीत अडकला की फेरपरीक्षा. भाचा सध्या आठवीत आहे, त्यामुळे घरी वातावरण तंग असतं.

परवा भाजी घेताना आमचे गणिताचे सर भेटले. आता ऐंशी पार आहेत, पण पाठ ताठ. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हटलं, आता विचारतील, काय करतोस, कुठे असतोस, मुलं किती.

“कुठली बॅच तुझी?”

मी साल सांगितलं.

“तुकडी?”

“ड, सर.”

“अस्सं,” सर म्हणाले आणि भाजीवाल्याकडे वळले, “काय रे, याला किलोमागे किती लावलेस? परत एकदा मोजून पैसे घे.”