तांदळाच्या पोत्यासाठी ‘बिलिव्हर’ झाले म्हणे!

ठाणे-नवी मुंबईतल्या पॅरिशच्या (स्थानिक कॅथलिक चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. सार असं: आपले कॅथलिक पैशाच्या आमिषाने बिलिव्हर होतात, म्हणजे चर्च सोडून हॉलमध्ये भरणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत जातात, त्यांना टाळ्या-गाण्यांची भुरळ पडते, हे पंथ कालपरवाचे आहेत, आणि गेलेल्यांशी संबंध तोडा. मी कॅथलिकच, रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) न चुकवणारा. तरीही हे पटत नाही.

पैशाचं आधी. तिकडे पैसा मिळत नाही, द्यावा लागतो! अशा बहुतेक पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, मंडळ्यांत दशमांश मागतात, म्हणजे पगाराचा दहावा हिस्सा. आपल्याकडे पेटीत दहा-वीसची नोट टाकून सुटका होते. अडल्यानडल्याला मदत होतही असेल. पण आपली व्हिन्सेंट द पॉल सोसायटीसुद्धा गरजूंना रेशन देते. ती आपली सेवा आणि त्यांचं आमिष? प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१४ साली लॅटिन अमेरिकेत कॅथलिक चर्च सोडून प्रॉटेस्टंट झालेल्यांना कारणं विचारली. देवाशी जवळचं नातं हवं होतं, असं सुमारे ८१ टक्क्यांनी सांगितलं. आर्थिक कारण यादीत पार खाली होतं. ते आकडे ठाण्याला जसेच्या तसे लागू नाहीत, मान्य. पण फॉरवर्डवाल्याकडे तेवढंही नाही.

टाळ्या-गाणी? टाळ्या-गाण्यांनी उत्स्फूर्त प्रार्थना करणारी कॅरिझमॅटिक चळवळ कॅथलिकांतही १९६७ पासून आहे. हात उंचावून प्रार्थना करायला चर्च सोडावं लागत नाही, कल्याणच्या आपल्याच ताबोर आश्रमात जाता येतं.

मग जातात का? माझ्या पाहण्यातली कारणं साधी आहेत. नवरा पितो, पोराची नोकरी गेली, रिपोर्ट वाईट आला. अहिल्यानगर-जालन्याकडून घणसोलीत राहायला आलेल्या कुटुंबाला पॅरिशमध्ये कोणी ओळखत नाही, मराठी मिस्सा असलीच तर एखादी, आणि फादरना भेटायचं तर ऑफिसची वेळ गाठा. हजारो माणसांमागे दोन-तीन फादर, त्यांनाही दोष किती देणार! तिकडे बुधवारी रात्री चार बायका घरी येतात, चपला दाराबाहेर काढून जमिनीवर बसतात, पोराचं नाव घेऊन प्रार्थना करतात, मांडीवरच्या रेघा मारलेल्या बायबलमधून एक वचन वाचतात आणि घरच्या बाईलाच विचारतात, ‘ताई, तुला यातून काय कळलं?’ आपल्या मिस्सेतही तीन वर्षांच्या चक्रात शुभवर्तमानांचा मोठा भाग वाचला जातो, त्यामुळे ‘कॅथलिकांना बायबल मिळत नाही’ हे त्यांचं पालुपदही चूकच. पण ते आपण ऐकतो, आपल्याला कोणी विचारत नाही.

कालपरवाचे पंथ? ठाण्यातल्या सेंट जेम्स या प्रॉटेस्टंट चर्चचं समर्पण बिशप हेबर यांनी १८२५ मध्ये केलं. हॉलमधल्या मंडळ्या नव्या असतील, पण प्रॉटेस्टंट पंथ इथे नवा नाही.

आणि संबंध तोडायचं म्हणाल, तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६४ मध्येच त्यांना भाऊ म्हटलंय. पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याच्या नावाने झालेला त्यांचा बाप्तिस्मा आपलं चर्च ग्राह्य धरतं. लग्नाची पत्रिका द्यायला हरकत नसावी.