मार्कांपुरते चिनी, बाकी अमेरिकन

मूल वाढवताय? उत्तम. फार डोकं लावावं लागत नाही. चिन्यांकडून अर्धं उचलायचं, अमेरिकनांकडून अर्धं, आणि दोन्हीकडून सोयीचं तेवढंच.

चिनी अर्ध्यासाठी एमी चुआबाईंना शरण जा. येलमध्ये कायदा शिकवणाऱ्या या बाईंनी स्वतःच्या दोन पोरी चिनी शिस्तीत कशा वाढवल्या, याचं २०११ साली पुस्तक काढून गोऱ्या आयांना धडकी भरवली होती. मैत्रिणीकडे रात्री राहायचं नाही, शाळेच्या नाटकात काम नाही, ‘ए’च्या खाली ग्रेड नाही, पियानो-व्हायोलिनशिवाय वाद्य नाही. एवढं पाठ करा. पुढे धाकटी मॉस्कोच्या कॅफेत ग्लास फोडते आणि व्हायोलिन मागे सारून टेनिस धरते, ती पानं सोडा. बाई स्वतः तासन्‌तास पोरींच्या सरावाला बसत, ते तर वाचूच नका, कंबर धरते.

अमेरिकन अर्धं आणखी सोपं. घरातून ‘नाही’ हा शब्द काढून टाका.

हॉटेलात जाताना टॅब विसरू नका.

दोन्ही एकत्र कसं करायचं, ते गेल्या शनिवारी न्यू जर्सीत एडिसनला माझ्याच घरी पाहिलं. जेवायला आलेलं मराठी कुटुंब, चिरंजीव सात वर्षांचे. आजोबांची हार्मोनियम मी पुण्याहून जिवापाड जपत आणलेली. चिरंजीवांनी तिच्या भात्यात जेवणाचा काटा खुपसला. फर्र आवाज आवडला, म्हणून आणखी दोनदा. आई गुडघ्यांवर बसली, त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, “बाळा, तुला आत्ता आतून कसं वाटतंय?” त्याला मस्त वाटत होतं! मला कुणी विचारलं नाही. दहा मिनिटांनी बाबांना गणिताची स्पर्धा आठवली. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. “ते दोन कुठे घालवलेस?” तेव्हा पोराचा चेहरा उतरला. भाता फाडताना उतरला नव्हता.

माझ्या डावीकडे चिनी कुटुंब राहतं. सकाळी सातला व्हायोलिन सुरू होतं, शेजारी आई, हातात पेन्सिल. पोरगी चुकली की वहीत खूण, की पुन्हा पहिल्यापासून. आई रोज असते, तापातसुद्धा. उजवीकडचे गोरे पोरावर आवाज चढवत नाहीत, पण साडेआठला दिवा बंद म्हणजे बंद. त्याच्या चेंडूने माझी कुंडी फुटली तेव्हा बाप त्याला घेऊन दारात आला आणि गप्प उभा राहिला. सॉरी पोराने म्हटलं. स्वीडनने १९७९ साली पोरांना मारायला कायद्याने बंदी घातली. मारायला, हो! ‘नाही’ म्हणायला नव्हे. आणि निव्वळ धाक वेगळा, निव्वळ मोकळीक वेगळी आणि मायेने पण ठाम राहणं वेगळं, हे बर्कली विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड १९६६ मध्येच लिहून गेल्या. त्यातलं तिसरं मेहनतीचं, म्हणून ते तुम्हाला दिसतच नाही.

पुरे झालं. अहो, तुम्हाला कंटाळा आलाय, त्याला पद्धत म्हणू नका. ‘नाही’ म्हटलं की पोर रडणार, मग अर्धा तास त्याच्यापाशी बसावं लागणार, ते नकोय. मार्कांवरून खेकसायला दोन सेकंद पुरतात, म्हणून तेवढ्यापुरते चिनी. शनिवारी निघताना तुमच्या तिघांपैकी एकाच्याही तोंडातून सॉरी निघालं नाही. भाता शिवणारा शोधा, पैसे भरा, आणि हार्मोनियम आणून द्यायला पोराला सोबत घेऊन या. बोलायचं त्याने.