‘तिघांपैकी दोघे म्हणतील तो आकडा’: वादळानंतर फिरणाऱ्या त्या मेसेजबद्दल

वादळ होऊन गेलं, कौलं उडाली, की कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: ‘घराच्या प्रत्येक विमा पॉलिसीत अप्रेझल नावाचं कलम असतं, कंपन्या ते लपवतात. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान पाहून रक्कम लावणाऱ्याने, ती कमी लावली तर एक मूल्यांकक तुम्ही नेमा, एक कंपनी नेमेल, दोघे मिळून पंच निवडतील. तिघांपैकी दोघे म्हणतील तो आकडा कंपनीला द्यावाच लागतो. क्लेम नाकारला असला तरी चालतं. सर्व्हेअर कंपनीचा माणूस, त्याला काही दाखवू नका, तलाठ्याचा पंचनामा पुरेसा आहे. कंपनीने दिलेले पैसे घेऊ नका, घेतलेत तर हक्क गेला. आमचा सल्लागार टक्केवारीवर सगळं करून देईल.’

बाकीचा मजकूर कशासाठी लिहिलाय, ते शेवटच्या वाक्यात कळतं. तरी एकेक मुद्दा घेऊ. यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्या आपल्या देशातल्या नाहीत.

‘प्रत्येक पॉलिसीत अप्रेझलचं कलम असतं.’

असतं, अमेरिकेत. तिथल्या घर-विम्याच्या प्रचलित नमुन्यात दोघांपैकी कोणीही लेखी मागणी केली की प्रत्येकाने २० दिवसांत एक सक्षम, निःपक्षपाती मूल्यांकक नेमायचा. पंचावर १५ दिवसांत एकमत झालं नाही तर तो न्यायालयाकडून नेमून घ्यायचा. तिघांपैकी दोघांनी मान्य केलेला आकडा ही नुकसानीची रक्कम. आपल्या मूल्यांककाचं शुल्क आपण द्यायचं, पंचाचं अर्धं अर्धं. मेसेज लिहिणाऱ्याने हेच उचललंय, खर्चाचा भाग सोडून.

आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाण पॉलिसी आहे. आग विमा विकणाऱ्या कंपन्यांना ती त्याच मसुद्यात द्यावी लागते. ती काढून वाचा, असं कलम त्यात नाही. पूर्वीच्या पॉलिस्यांत लवादाचं, म्हणजे न्यायालयाबाहेर वाद मिटवण्याचं, कलम असायचं, त्यात तीन लवादांची सोयही होती, त्यामुळे गोंधळ समजण्यासारखा आहे. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, किरकोळ ग्राहकांच्या पॉलिस्यांतून ते काढायला लावलं. व्यावसायिक पॉलिसीत लवाद हवा असेल तर दोन्ही बाजूंनी राजी होऊन वेगळा करार करायचा. कंपनी राजी नसेल तर तुम्ही एकट्याने नोटीस पाठवून काही होत नाही.

‘क्लेम नाकारला असला तरी चालतं.’

अमेरिकेतही चालत नाही. अप्रेझलमध्ये किती हे ठरतं, पॉलिसीत बसतं की नाही हे ठरत नाही. नुकसान कशामुळे झालं हे मूल्यांककांनी किती पाहायचं, यावर तिथल्या राज्याराज्यांतल्या न्यायालयांची मतं वेगळी आहेत. आपल्या जुन्या लवाद कलमाचीही मर्यादा तीच होती: कंपनीने देणं मान्य केलं असेल आणि वाद फक्त रकमेचा असेल तरच लवाद. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ह्युंदाई इंजिनिअरिंगच्या प्रकरणात ते पुन्हा स्पष्ट केलं.

कोकणात हा फरक कळीचा, कारण इथले बरेच वाद रकमेचे नसतातच. पडवीची भिंत वादळाने पडली की वर्षानुवर्षं पाणी मुरून आधीच फुगली होती? मांगर, म्हणजे घराबाहेरची शेती-बागेची खोपटी, विमा घेताना भरलेल्या प्रस्तावात लिहिला होता का? माड-पोफळी पडल्या त्यांचं काय? (घराच्या विम्यात बागायत येत नाही. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात अनेकांच्या डोळ्यांसमोर सर्वांत मोठं नुकसान तेच होतं.) असे प्रश्न तीन मूल्यांकक बसवून सुटत नाहीत. तिथे छायाचित्रं, प्रस्तावाची प्रत आणि हवामान खात्याची नोंद लागते. हर्णे, रत्नागिरी, अलिबाग, वेंगुर्ला इथे खात्याच्या वेधशाळा आहेत. त्या दिवसाचा वारा आणि पाऊस तिथून लेखी मागवता येतो.

‘सर्व्हेअर कंपनीचा माणूस, त्याला काही दाखवू नका.’

मेसेजमधला हा सर्वांत महागात पडणारा सल्ला. सर्व्हेअरचं शुल्क कंपनी देते हे खरं. पण त्याचा परवाना आयआरडीएआयचा असतो आणि वाहन सोडून इतर विम्यात १ लाख रुपये किंवा त्याहून मोठ्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी लागते. विमा कायद्याचं ६४यूएम कलम ते सांगतं. पाहणी करू दिली नाही तर पॉलिसीची अट तुम्हीच मोडलीत, आणि कंपनीला आयतं कारण मिळालं. २०२४ च्या नियमांनुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर ठरवायचा असतो. त्याचा अहवाल आल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

त्याचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात म्हटलंय की सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नाही, तो कंपनीवरही बंधनकारक नाही आणि ग्राहकावरही नाही. त्याच वर्षी दुसऱ्या निकालात हेही सांगितलं की मनासारखा अहवाल मिळेपर्यंत कंपनीने एकामागून एक सर्व्हेअर नेमत राहू नये. म्हणजे अहवाल खोडता येतो. मात्र ‘कमी लावलंय’ एवढं म्हणून तो खोडला जात नाही, ओळ न् ओळ धरून खोडावा लागतो.

कौलारू घराचं उदाहरण घ्या. भारत गृह रक्षा पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम चटई क्षेत्रावरून ठरते, त्यामुळे अंदाजपत्रकात छपराचंही तेच माप येऊन बसतं. घर १० बाय ८ मीटर, म्हणजे ८० चौरस मीटर, आणि मंगलोरी कौलं चौरस मीटरला १५ धरली तर १,२०० कौलं. पण छप्पर भिंतीवर संपत नाही आणि ते सपाटही नाही. चारी बाजूंना पाऊण मीटर वळचण असेल तर माप ११.५ बाय ९.५ होतं. ३० अंशांचा उतार असेल तर आढ्यापासून वळचणीपर्यंत टेप लावल्यावर पाख, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, साधारण ५.४९ मीटर भरतं. दोनपाखी घराला ५.४९ गुणिले ११.५ गुणिले २, म्हणजे १२६ चौरस मीटर. कौलं झाली सुमारे १,८९०. रिपा, वासे, मजुरी त्याच प्रमाणात वाढतात. हा फरक सर्व्हेअरच्या लबाडीचा असेलच असं नाही, बहुतेकदा कोणी शिडी लावून मोजलेलंच नसतं. पाहणीच्या दिवशी सुतार किंवा कौलं शाकारणारा माणूस हजर ठेवा, पाख मोजा, आणि मापांच्या कागदावर सर्व्हेअरची पोच घ्या.

दुसरा नेहमीचा वाद: सर्व्हेअर फुटलेली कौलं मोजतो, तुम्ही पूर्ण पाख मागता. इथे भावनेचा उपयोग नाही, खाचेचा आहे. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, आणि जुने कारखाने बंद पडल्याने तो साचा मिळत नाही. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं, त्याचा फोटो काढा. जुनं आणि नवं कौल शेजारी ठेवून फट दाखवा. विक्रेत्याकडून ‘हा साचा मिळत नाही’ असं लिहून घ्या. मग शाबूत उरलेल्या कौलांची किंमत भंगार म्हणून वजा होईल, ती होऊ द्या.

पाहणीआधी छप्पर ताडपत्रीने झाका, पावसात घर उघडं ठेवून वाढलेलं नुकसान तुमच्याच माथी येतं. ताडपत्री-मजुरीची पावती ठेवा. फुटलेला माल मात्र पाहणीआधी टाकून देऊ नका. पुराचं पाणी शिरलं असेल तर भिंतीवरची पाण्याची रेघ उंबऱ्यापासून टेप धरून फोटोत घ्या. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला आला तसा पूर असेल तर गाळ काढायची घाई समजू शकते, पण आधी फोटो, मग फावडं. घरातल्या सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण या पॉलिसीत आपोआप असतं. सामानाचा वेगळा विमा घेतला नसेल तर लोक ही ओळ मागायलाच विसरतात.

दुकानदारांसाठी एक गोष्ट वेगळी. घराच्या पॉलिसीत विमा कमी घेतल्याबद्दल कपात नाही, पण लहान व्यवसायांच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी असेल तरच कपातीतून सूट आहे. माल ४० लाखांचा, विमा २० लाखांचा आणि नुकसान १० लाखांचं असेल तर ५ लाखच मिळतात. हे सर्व्हेअरने खाल्लेले पैसे नव्हेत. कुठलाही पंच ते परत आणून देणार नाही.

‘तलाठ्याचा पंचनामा पुरेसा आहे.’

पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. त्यातली रक्कम मदतीच्या निकषांवर बसवलेली असते, दुरुस्तीच्या खर्चावर नव्हे. घटना घडली याचा तो चांगला पुरावा आहे, जरूर घ्या. पण त्यात नुसतं ‘घराचे अंशतः नुकसान’ असं लिहून सही करू नका. कोणती भिंत, किती कौलं, पाणी किती फूट, ते लिहून घ्या. मोघम पंचनामा पुढे तुमच्याच विरुद्ध वाचला जातो.

‘पैसे घेतलेत तर हक्क गेला.’

नाही. सप्टेंबर २०१५ मध्येच आयआरडीएआयने कंपन्यांना बजावलंय की पैसे देताना सही घेतलेल्या व्हाउचरचा वापर जास्त रक्कम मागण्याचा हक्क बंद करायला करू नये. तरी ‘पूर्ण व अंतिम समाधान’ असं छापलेलं असेल तर त्यावर डोळे मिटून सही करू नका. ‘वादग्रस्त रकमेवरील हक्क राखून’ असं हाताने लिहा आणि त्याच दिवशी ईमेलने तेच कळवा. काहीही न लिहिता सही करून वर्षभराने जबरदस्तीने सही घेतल्याची तक्रार केली तर ती सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

‘सल्लागार टक्केवारीवर सगळं करून देईल.’

अमेरिकेत विमाधारकाच्या बाजूने क्लेम लढवणाऱ्यांना बहुतेक राज्यांत परवाना लागतो. आपल्याकडे तसा परवानाच नाही, म्हणजे हा सल्लागार कुणालाच उत्तर द्यायला बांधलेला नाही. पैसे खर्चायचेच असतील तर स्थापत्य अभियंत्याकडून मोजमापांसह अंदाजपत्रक घ्या, ठरलेल्या शुल्कावर. टक्केवारीवर काम करणाऱ्याचा आकडा समोरचा पहिल्याच प्रश्नात उडवून लावतो. आणि हे अंदाजपत्रक पुरावा आहे, निवाडा नव्हे.

क्रम असा ठेवा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत कंपनीकडे लेखी मागा. कंपनी सरकारी असेल तर माहिती अधिकारातही मागता येते. दोन रकाने करा, त्याचं माप आणि दर एकीकडे, तुमचं दुसरीकडे, प्रत्येक ओळीसमोर पुराव्याचा क्रमांक. हे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. ५० लाखांपर्यंतचा दावा तिथे विनाशुल्क चालतो. एकल मालकीच्या दुकानांना आणि सूक्ष्म उद्योगांनाही जाता येतं. वकील किंवा एजंट तिथे चालत नाही, त्यामुळे टक्केवारीवाला दारातच थांबतो.

जिल्हा ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षं. तिथे अधिकारक्षेत्र भरलेल्या हप्त्यावरून ठरतं, नुकसानीवरून नाही, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पण आयोगात तक्रार दाखल केली की लोकपाल तोच वाद ऐकत नाही. म्हणून रकमेचा वाद असेल तर आधी लोकपाल. त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तो तिला ३० दिवसांत पाळावा लागतो. तुम्हाला पटला नाही तर आयोगाचं दार उघडंच राहतं, तेवढ्यात ती २ वर्षं उलटू देऊ नका.