रिक्रूटर नक्की कोणासाठी काम करतो?

"सर, अर्जंट रिक्वायरमेंट आहे, लगेच सीव्ही पाठवा!" रिक्रूटरचा, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्या एजंटचा फोन. पाठवला. मग सामसूम. फोन उचलत नाहीत. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. नकार कळवायला एक ओळ पुरते, तीही जड जाते?

प्रश्न ठरलेले. सध्याचा पगार किती? अपेक्षा किती? नोटीस पिरियड किती? अहो, मी काम काय करतो ते कधी विचारणार? जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन वेगळ्या प्रोग्रॅमिंग भाषा आहेत हे ज्याला ठाऊक नाही, तो माझी निवड करणार! करारातच 90 दिवसांची नोटीस आहे म्हटलं, की "आम्हाला इमिजिएट जॉइनर हवाय." मग फोन कशाला केलात?

सगळ्यात संताप याचा, की न विचारता सीव्ही पुढे ढकलतात. तोच सीव्ही दुसऱ्या एजन्सीकडूनही गेला, की कंपनी 'डुप्लिकेट' म्हणून बाजूला टाकते. नुकसान कोणाचं? आमचंच!

यांची फी कंपनी देते, बऱ्याचदा वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. पैसे तिकडून येतात तर ते आपल्यासाठी का झटतील? त्यापेक्षा जुन्या सहकाऱ्याला रेफरल, म्हणजे त्याच्या कंपनीत शिफारस मागा, कंपनीच्या साइटवर थेट अर्ज करा. आणि 'रजिस्ट्रेशन फी' मागणाऱ्याला दारातही उभं करू नका. नोकरी नसलेल्या पोरांकडून पैसे उकळताना यांना लाज कशी वाटत नाही?